खोक्यातला रस आणि मोळीतला रस



गटसभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, आंब्याचा रस खोक्यात महिनोन्‌महिने टिकतो, मग आपल्या उसाचा का नाही?" प्रश्न रास्त आहे.

मुंबईच्या पार्ले अ‍ॅग्रोची फ्रूटी 1985 साली कागदी खोक्यात आली. पोरासोरांचे पेय हा शिक्का पुसून तरुण गिऱ्हाईक ओढण्यासाठी 2001 मध्ये 'डिजेन वर्मा' नावाच्या न दिसणाऱ्या इसमाची जाहिरात गाजली. फ्रूटी टिकली. गोदरेजचे जंपिन मात्र दुकानांतून गेले. जाहिरातीचे ते जाहिरातवाले जाणोत, आपण रसाचे पाहू.

खोके रस टिकवत नाही. रस काही सेकंद कडक तापवून, जंतू मारून, निर्जंतुक खोक्यात हवाबंद करतात. कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर हवा व उजेड आत येऊ देत नाहीत, एवढेच. आंबा मुळात आंबट, त्यात जंतू फारसे वाढत नाहीत. उसाच्या रसात आंबटपणा कमी आणि साखर भरपूर, म्हणजे जंतूंना मेजवानीच! शिवाय हवा लागताच तो काळा पडतो आणि जास्त तापवला की गुळासारखा लागतो. आपल्या जालन्याच्या मोसंबीचीही खोड आहेच, रस ठेवला की कडवटतो.

आता मुद्द्याचे. गुऱ्हाळावर तासाभरात जे दिसते, तेच तोडलेल्या मोळीत आतल्या आत चालू असते. साखर फुटून तिची अशी साखर होते, जिचा दाणा पडत नाही. कापलेल्या टोकातून जंतू शिरून रस चिकट करतात, वजनही घटते. जळालेल्या उसात हे फार झपाट्याने होते.

2025-26 हंगामाचा रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के उताऱ्याला टनास 3,550 रुपये ठरला. त्यापुढे दर 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे वाढतात, खाली 9.5 टक्क्यांपर्यंत तेवढेच कमी होतात. उतारा कारखान्याचा सरासरी धरतात. म्हणजे एकाचा शिळा ऊस सगळ्यांच्या बिलातून कापला जातो!

म्हणून तोडीची चिठ्ठी हातात आल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. बुडखा जमिनीलगत छाटा, वाढे काढा. तोडल्यापासून 24 तासांत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. गाडी अडली तर मोळ्या सावलीत घेऊन पाचटाने झाका, मार्च-एप्रिलच्या उन्हात पाचटावर पाणी शिंपडा, आणि चिटबॉयला त्याच दिवशी कळवा.