निवाऱ्यातून घराकडे

आपल्या देशात कुत्रा हा एखाद्या घराचा असण्याआधी वस्तीचा असतो. खेड्यातील कुत्र्याला बहुधा एक असा मालक नसतो. तो आळीचा किंवा वाडीचा समजला जातो. रात्री अनोळखी पाऊल वाजले की तो भुंकतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याला शिळी भाकरी, ताटातले उष्टे आणि ओसरीच्या कडेला अंग टाकण्यापुरती जागा मिळते. हा करार कोणी लिहून ठेवलेला नसला तरी शतकानुशतके तो पाळला गेला आहे.

शहरांच्या वाढीबरोबर या करारातील एक बाजू ढासळली. कचऱ्याच्या ढिगांमुळे कुत्र्यांचे पोट भरू लागले. परंतु त्यांना ओळखणारी, त्यांची जबाबदारी मानणारी आळी मात्र उरली नाही. वाहनांखाली चिरडलेली पिल्ले, खरजेने केस गळालेल्या कुत्री आणि श्वानदंशाने भयभीत झालेली मुले ही एकाच अव्यवस्थेची रूपे आहेत. अशा वेळी दयाळू माणसाच्या मनात सहज एक विचार येतो: एखादे अनाथ कुत्रे आपण घरी का आणू नये? विचार उत्तम आहे. परंतु तो तडीस नेण्यासाठी दयेला माहितीची आणि व्यवस्थेची जोड द्यावी लागते. ती कशी द्यावी, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

पांजरपोळ आणि निवारा

निराधार प्राण्यांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांप्रमाणेच पशूंच्याही औषधोपचाराची सोय केल्याचा उल्लेख आढळतो. पश्चिम भारतात, विशेषतः गुजरातेत, जैन व वैष्णव व्यापाऱ्यांच्या दानावर पांजरपोळे चालत आली आहेत. मुंबईच्या पांजरपोळाच्या इतिहासात तर कुत्र्यांना फार महत्त्वाचे स्थान आहे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याची प्रथा होती. जून १८३२ मध्ये या मोहिमेविरुद्ध कोट भागातील पारशी समाज खवळून उठला, दंगा झाला आणि बाजारपेठा बंद पडल्या. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाले.

पांजरपोळाची मूळ कल्पना आजन्म सांभाळाची आहे. आत आलेला प्राणी तेथेच राहतो आणि तेथेच त्याचा शेवट होतो. भाकड गाय किंवा जायबंदी बैल यांच्या बाबतीत ही कल्पना योग्य ठरते. कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो हजारो वर्षे माणसाच्या सहवासात वाढलेला प्राणी असल्यामुळे केवळ अन्न आणि छप्पर यांवर त्याचे समाधान होत नाही.

१८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी या बाईंनी कुत्र्यांसाठी एक संस्था सुरू केली. तिच्या नावातच ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचे तात्पुरते घर’ असा आशय होता. ही संस्था १८७१ मध्ये बॅटर्सी येथे गेली आणि त्याच नावाने जगभर प्रसिद्ध झाली. ‘तात्पुरते’ हा शब्द येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कुत्र्यांचा निवारा ही धर्मशाळेसारखी जागा आहे. तेथे किती कुत्री आली, यापेक्षा तेथून किती कुत्री बरी होऊन योग्य ठिकाणी गेली, यावर त्याचे यश मोजावे लागते.

यामागे एक साधा हिशेब आहे. निवाऱ्यातील पिंजऱ्यांची संख्या ठरलेली असते. बाहेर जाणारे नसेल तर आत येणाऱ्याला जागा राहत नाही. आणि तरीही दाटीवाटीने कुत्री कोंबली तर तेथे रोगराई माजते. लहान पिल्लांना होणारा पार्व्हो हा विषाणूजन्य रोग याचे ठळक उदाहरण आहे. रक्तमिश्रित जुलाब व उलट्या होऊन पिल्लू थोड्याच दिवसांत दगावू शकते आणि त्याचे विषाणू जमिनीत कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून एक कुत्रा दत्तक घेणारे कुटुंब खरे पाहता दोन कुत्र्यांची सोय करते: एक, ज्याला घर मिळते तो, आणि दुसरा, ज्याला त्याची रिकामी जागा मिळते तो.

दत्तक घेण्यापूर्वी

कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते चौदा वर्षांचे असते. आज शाळेत जाणारा मुलगा नोकरीनिमित्त परगावी जाईल तेव्हाही हा प्राणी घरात असणार आहे. म्हणून निर्णय मुलाच्या हट्टावर न सोडता घरातील सर्व वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून घ्यावा. दिवसातून दोन वेळा त्याला फिरावयास कोण नेणार, सणासुदीला गावी जाताना त्याची सोय काय, बदली झाली तर काय, घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. उत्तर मिळत नसेल तर थांबणे हीच खरी दया होय. एकदा घर पाहिलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर आला तर त्याचे हाल जन्मतः रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यापेक्षा अधिक होतात. अन्न शोधण्याची व इतर कुत्र्यांपासून आपला बचाव करण्याची कला त्याला अवगत नसते.

पाळीव प्राणी उपासमारीच्या स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. कायद्याने पहिल्या अपराधाला पन्नास रुपयांपर्यंत दंड सांगितला. एवढ्याशा रकमेचा धाक कोणाला वाटणार? तेव्हा या बाबतीत खरी राखण माणसाच्या विवेकाचीच आहे.

निवड करताना रूपापेक्षा स्वभाव पाहावा. निवाऱ्यात एकदाच जाऊन निर्णय करू नये. दोन-तीन वेळा जावे आणि तेथील सेवकांशी बोलावे. कुत्रा मुलांना बुजतो काय, इतर कुत्र्यांशी त्याचे जमते काय, अन्नाला हात लावल्यास तो गुरगुरतो काय, हे रोज त्याला खाऊ घालणाऱ्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. पिल्लू हवे असल्यास ते किमान आठ आठवडे आईजवळ राहिलेले असावे. परंतु ज्या घरात दिवसभर कोणी नसते तेथे पिल्लापेक्षा प्रौढ कुत्रा बरा. त्याचा स्वभाव ठरून गेलेला असतो, कुरतडण्याचे वय सरलेले असते आणि निवाऱ्यात त्याच्याकडे पाहणारेही थोडेच असतात.

आपल्याकडे देशी कुत्र्याला ‘गावठी’ म्हणून कमी लेखण्याची रीत आहे. वास्तविक आखूड केस आणि सडपातळ बांधा यांमुळे तो येथील उष्ण हवेत सुखाने राहतो. उलट हिमप्रदेशातील दाट लोकरीचे कुत्रे आपल्याकडील उन्हाळ्यात अक्षरशः तळमळतात. मात्र देशी कुत्रा आजारी पडतच नाही, हा समज खोटा आहे. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांना तोही बळी पडतो आणि त्यालाही लस टोचावीच लागते.

पहिले दिवस

नव्या घरी आलेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस पुष्कळदा खात नाही, खाटेखाली दडून बसतो किंवा रात्री रडतो. यावरून तो कृतघ्न किंवा वेडसर आहे असे मानू नये. त्याचे जग एका दिवसात पालटलेले असते. घरातील एक कोपरा, एक गोणपाट किंवा जुनी गोधडी आणि पाण्याचे भांडे एवढे त्याला नेमून द्यावे. शेजारीपाजारी गोळा करून त्याचे प्रदर्शन मांडू नये. मुलांना सांगून ठेवावे की तो खात असताना किंवा झोपला असताना त्याला हात लावावयाचा नाही. काही आठवड्यांत तो घराचे वेळापत्रक ओळखू लागतो. पूर्ण विश्वास बसण्यास काही महिनेही लागतात. मारल्याने हा काळ लांबतो, हे निश्चित.

पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याकडे नेऊन जंतांचे औषध, गोचीड व पिसवांवरील उपाय आणि लसीकरणाचा तक्ता ठरवून घ्यावा. अलर्क रोगाची, म्हणजे रेबीजची, पहिली लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात देतात आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे ती पुन्हा द्यावी लागते. आहारात भात किंवा पोळीबरोबर उकडलेले अंडे, मांस यांसारखा प्रथिनयुक्त भाग असावा. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत, आणि शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

वंध्यीकरणाबद्दल पुष्कळांच्या मनात किंतु असतो. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असून एका वेळी चार-सहा पिल्ले होणे सामान्य आहे. एवढ्या पिल्लांना घरे कोठून आणणार? जो निवाऱ्यातून एक कुत्री घरी आणतो आणि तिची पिल्ले पुन्हा निवाऱ्यात पोहोचवतो, त्याने ओझे हलके केले असे म्हणता येत नाही.

भीतीचा प्रश्न

कुत्र्यांविषयी दया बाळगणाऱ्याने त्यांना भिणाऱ्या माणसाचा उपहास करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरण पावतात आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात. माणसाला हा रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून चावा किंवा ओरखडा होताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लसीची मालिका सुरू करावी व ती पुरी करावी. हळद, चुना किंवा तिखट लावण्यात वेळ घालवणे प्राणघातक ठरू शकते.

या भीतीवर जुना उपाय कुत्री मारण्याचा होता. मद्रासमध्ये कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९ मध्ये ‘ब्ल्यू क्रॉस’ ही संस्था स्थापन केली. मारण्याऐवजी वंध्यीकरण व लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्याच जागी परत सोडावे, असा आग्रह तिने १९६० च्या दशकापासून धरला. महानगरपालिकेने तो मार्ग १९९६ मध्ये स्वीकारला. जयपूर येथील ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ ते २००२ या काळात सुमारे २५,००० कुत्र्यांवर असे उपचार केले. तेथील कुत्र्यांची संख्या सुमारे २८ टक्क्यांनी घटली आणि कार्यक्षेत्रातील माणसांच्या रेबीजचे प्रमाण शून्यावर आले. २००१ साली केंद्र सरकारने याच तत्त्वावर नियम केले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कानाच्या टोकाला छोटा छेद असलेला कुत्रा दिसला तर त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजावे.

तरीही प्रश्न संपलेला नाही, हे २०२५ साली सर्वांच्या प्रत्ययास आले. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची उपचारानंतर मूळ जागी सोडावीत, असे सांगितले. त्याच आदेशात प्राणिप्रेमी नागरिकांना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेण्याची मुभा देण्यात आली. मात्र ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची राहील, असेही बजावण्यात आले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यांत हलवून तेथे परत न सोडण्याचे ठरले. या साऱ्या वादात एक गोष्ट स्पष्ट झाली. निवारे अपुरे आहेत, आणि केवळ भिंती बांधून ते पुरे पडणार नाहीत.

ज्यांना घरी आणणे शक्य नाही

प्रत्येकाने कुत्रा पाळावा असे कोणी म्हणणार नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील किंवा घरात दम्याचा रोगी असेल तर तेथे कुत्र्याला जागा नाही. तथापि मदतीचे अन्य मार्ग मोकळे असतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा आजारातून उठल्यावर काही आठवडे एखाद्या कुत्र्याला सांभाळणे, निवाऱ्यातील कुत्र्यांना रविवारी फिरवून आणणे, जुनी पांघरुणे व वर्तमानपत्रे पोहोचवणे, संस्थेचे हिशेब लिहून देणे ही सारी कामे मोलाची आहेत. आळीतील कुत्र्यांना नेमक्या जागी, नेमक्या वेळी खाऊ घालून ती माणसाळली की त्यांना लसीसाठी धरणे सोपे जाते. केवळ खाऊ घालून निघून जाणे मात्र अर्धेच काम होय.

पैशाच्या रूपाने मदत करावयाची असल्यास आधी संस्था पाहून यावी. ती नोंदणीकृत आहे काय, १९६२ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या भारतीय पशुकल्याण मंडळाची तिला मान्यता आहे काय, ती वार्षिक हिशेब दाखवते काय, किती कुत्री आली, किती वारली व किती दत्तक गेली हे सांगते काय, याची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. एकदाच दिलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा नियमाने दिलेली लहान रक्कम अधिक उपयोगी पडते, कारण कुत्र्यांचे खाणे आणि औषध रोजचे असते.

४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचा समावेश झाला. दया ही भावना सर्वांनाच कधी ना कधी स्पर्श करून जाते. तिचे कर्तव्यात रूपांतर होते ते रोजच्या कामात. पहाटे पावसात छत्री घेऊन म्हाताऱ्या कुत्र्याला बाहेर नेणारा माणूस कदाचित घटनेतील ते कलम वाचलेला नसेल. ते पाळणारा मात्र तोच आहे.