मेंदूची जखम व पेशींचे निरोप

बोटाला विळी लागली म्हणजे तें सुजतें व चारआठ दिवसांनीं भरून येतें. ही सूज बरें होण्याचाच एक भाग होय. परंतु मेंदू कवटीच्या बंद पेटींत असतो. तेथें सुजेला पसरावयास जागा नाहीं. दाब वाढतो, रक्त कमी पोंचतें, आणि अपघातांतून वांचलेल्या पेशीही मरूं लागतात. तेव्हां मेंदूंतील सूज सरसकट दाबावी, असें कोणासही वाटेल.

मेंदूचे पहारेकरी म्हणजे मायक्रोग्लिया नांवाच्या पेशी. स्पेनचे पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनीं १९१९ सालीं त्या वेगळ्या ओळखून दाखविल्या. इजा होतांच त्या सायटोकाइन वर्गाचीं प्रथिनें सोडतात. हीं प्रथिनें म्हणजे एका पेशीनें दुसरीस धाडलेले निरोपच. त्यांपैकीं इंटरल्यूकिन-१ अडविलें असतां उंदरांच्या मेंदूची हानि कमी झाली, हें प्रयोगांत दिसलें आहे.

परंतु ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, अर्थात् टी. एन. एफ., याची गोष्ट इतकी सरळ नाहीं. या प्रथिनाचा निरोप घेणारे ग्राहक ज्यांच्या पेशींवर जन्मतःच नव्हते, अशा उंदरांचा मेंदूचा रक्तपुरवठा तोडून पाहिला, तों त्यांची हानि इतरांहून अधिक भरली! हा प्रयोग १९९६ चा. पुढें २००१ सालीं आढळलें कीं, मज्जातंतूंवरील मायलिनचें वेष्टण नष्ट झाल्यावर तें पुन्हां चढविणाऱ्या पेशींची वाढही याच प्रथिनामुळें होते. सूज पेटविणारा निरोप्याच गवंड्यांनाही बोलावून आणतो म्हणावयाचा.

हा वाद केवळ उंदरांपुरता नव्हे. डोक्यास मार लागलेल्यांना सूज दाबणारें स्टेरॉइड देण्याचा प्रघात अनेक वर्षें होता. तो पारखण्यासाठीं ‘क्रॅश’ नांवाच्या चांचणींत २०,००० रोगी घ्यावयाचे होते; १०,००८ झाल्यावरच ती थांबवावी लागली. २००४ सालीं आंकडे प्रसिद्ध झाले: औषध मिळालेल्यांपैकीं दोन आठवड्यांत शेंकडा २१.१ मरण पावले, न मिळालेल्यांपैकीं १७.९. स्टेरॉइडचे शरीरावर इतरही परिणाम होतात. म्हणून सारा दोष निरोप दडपण्यावर घालणें घाईचें होईल. पण जें औषध भल्यासाठीं म्हणून दिलें जात होतें, तें माणसें मारीत होतें, हें त्या आंकड्यांनीं दाखविलें.

टी. एन. एफ. चे ग्राहक दोन प्रकारचे असतात. मायलिन चढविण्याचें काम दुसऱ्यामार्फत चालतें, हें २००१ च्या त्याच प्रयोगांत दिसलें होतें. त्यामुळें पहिलें दार लावून दुसरें उघडें ठेवतील अशीं द्रव्यें आतां जनावरांवर पारखलीं जात आहेत.