पाक ओळखा : रताळ्याच्या गुळातल्या फोडी



महाशिवरात्र आली की औंढा नागनाथाच्या वाटेला माणसांची रीघ लागते आणि आपल्या गोरेगाव-सेनगाव भागात घरोघर रताळी शिजू लागतात. भगर-आमटीच्या जोडीला ताटात गुळातल्या चकचकीत फोडी हव्यातच. पदार्थ अगदी साधा. पण कुठे फोडी टणक राहतात, कुठे गूळ करपून कडू होतो, तर कुठे पाक थिजून फोडींवर साखरेचा रवा चढतो. दोष रताळ्याचा नसतो, पाकाचा असतो. आणि ऊस पिकवणाऱ्याच्या घरात पाक कळायचा नाही, तर कुणाच्या घरात कळायचा? म्हणून या वेळी हा धडा घेतला आहे.

साहित्य (५ माणसांसाठी) : रताळी अर्धा किलो, चिरलेला गूळ ७५ ग्रॅम, तूप २ चमचे, पाणी पाऊण वाटी, लिंबाचा रस अर्धा चमचा, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ.

पहिली पायरी, आधी शिजवणे. रताळी स्वच्छ धुऊन अर्ध्या बोटाच्या जाडीच्या सारख्या चकत्या कराव्यात. लहान-मोठ्या केल्या की एक विरघळते नि दुसरी कच्ची राहते. जाड बुडाच्या पातेल्यात तूप, चकत्या, मीठ व पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर १० ते १२ मिनिटे शिजू द्यावे. घाई नको. रताळे हळूहळू तापले म्हणजे त्यातल्या पिठाची थोडी साखर होते व ते अधिक गोड लागते. गूळ मात्र आत्ता घालायचा नाही. कच्ची फोड गोड पाकात पडली की पाक तिच्यातले पाणी ओढून घेतो. फोड आक्रसते, मग कितीही शिजवा, मऊ पडत नाही. लोखंडी कढई टाळावी. तिच्यात रताळे व लिंबू दोन्ही काळपट पडतात.

दुसरी पायरी, पाक धरणे. सुरी सहज आत गेली की झाकण काढून गूळ घालावा. भांड्यात दोन-तीन चमचे पाणी उरलेले असावे; नसल्यास घालावे. आच मंदच ठेवावी. कारखान्यात आपण पॅन पाहिला असेल. त्यातली हवा काढून दाब कमी केलेला असतो, म्हणून पाक ६५-७० अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर जळत नाही. आपल्या चुलीवर ही सोय नाही. पाणी जसजसे उडते तसतसा पाक १०० अंशांच्या वर चढत जातो. साखर करपायला १६० अंशांच्या पुढे जावे लागते. पण गुळात फळशर्करा असते, ती ११० अंशांच्या सुमारासच तांबूस होऊ लागते. म्हणून गूळ साखरेआधी लागतो. चार-पाच मिनिटांत मोठे बुडबुडे येऊन पाक फोडींना चिकटू लागला, की लगेच उतरवावे. पातेले हलवून फोडी घोळवाव्यात. उलथन्याने ढवळले तर त्या मोडतात. उतरल्यावर पाक आणखी दाट होतो, म्हणून किंचित पातळ असतानाच थांबावे.

तिसरी पायरी, लिंबू. ऊस तुटल्यावर दोन-तीन दिवस पडून राहिला की उतारा घटतो, हे आपणास ठाऊक आहेच. रसातली साखर फुटून तिची द्राक्षशर्करा व फळशर्करा होते. त्यांचा दाणा धरत नाही, आणि चांगली साखरही सोबत मळीत जाते. बरं का, कारखान्यात जो तोटा, तोच स्वयंपाकघरात फायदा! फोडींवर दाणा धरायला नकोच आहे, चकाकी हवी आहे. लिंबाच्या आंबटपणाने तापत्या पाकातली थोडी साखर अशीच फुटते आणि पाक थिजत नाही. गुळाऐवजी साखर घेतली तर लिंबू पाक उकळतानाच घालावे, विसरू नये. गुळात फुटलेली साखर मुळातच असते. तिथे लिंबू शेवटी चवीपुरते घातले तरी चालते. वेलदोडा उतरवल्यावर घालावा.

याच रीतीने लाल भोपळा किंवा गाजरही करता येते. भोपळ्याला स्वतःचे पाणी सुटते, म्हणून त्यात पाणी अर्धेच घालावे.

एक गोष्ट साखर कारखान्याच्या पानावर सांगणे अवघड, तरी सांगायलाच हवी. गूळ म्हणजे औषध नव्हे. मधुमेह्याला तो साखरेइतकाच बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवण्यास सांगितले आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. वरच्या मापात माणशी १५ ग्रॅम गूळ येतो. त्यावर दिवसभराचे चार कप चहा मोजा, म्हणजे हिशेब कळेल. गूळ वाढवून फोडी चांगल्या होत नाहीत. पाक वेळेवर ओळखल्याने होतात.

येत्या उपवासाला करून पाहावे, आणि पाक बघायला घरातल्या पुरुषमंडळींनाही चुलीपाशी बसवावे.