निदान एक कान मोकळा ठेव

पुणे

चि. सोनूस,


काल रात्री ताईचा फोन आला. तू तिला काहीच बोलला नव्हतास. खरचटलेल्या कोपराचा फोटो तिला धाकटीने दाखवला. चायना कॅम्पच्या जंगलात मागून आलेली सायकल तुला घासून गेली आणि तुझ्या दोन्ही कानांत इअरफोन होते म्हणे! तुझ्या बाबांचं झालं तेव्हापासून अवेळी फोन वाजला तरी ती दचकते, हे तुला माहीत नाही का?

तू म्हणशील, नियम माझ्या बाजूने आहे. आहेच. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, घोडा आला तर दोघांनी घोड्याला. तुमच्या मरीन काउंटीतल्या कितीतरी वाटांवर ताशी 15 मैलांची मर्यादा आहे, आंधळ्या वळणावर 5. पण वळणाआड मोजायला कोण बसलंय? हक्क तुझा, तसा गुडघाही तुझाच. ते इअरफोन काढ.

सायकलींना तिथे बंदीच हवी, असंही तू धाकटीला म्हणालास. हे मला पटलं नाही. अरुंद पायवाटांवर सायकल चालू देणारी सरकारी उद्यानं तिकडे थोडी. मग सायकलवाले चायना कॅम्पलाच येणार. शिवाय हा खेळ वाढला तोच तुमच्या शेजारी. 1976 साली फेअरफॅक्सजवळच्या उतारावर पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींची शर्यत लावली. उलटं पेडल मारून लावायचे ब्रेक इतके तापायचे, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर नवं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. अशा वेडाला पाटी लावून आवर घालता येत नाही, आणि मला ते वेड आवडतंही, ताईला सांगू नकोस.

तेव्हा घंटी ऐकू आली की दचकून उडी मारू नकोस. तू कुठे वळणार हे सायकलवाल्याला कळत नाही. जागेवर थांब, त्याला दिसू दे. कडेच्या झुडपात तर मुळीच शिरू नकोस. ते तीन-तीन पानांचं पॉयझन ओक गेल्या खेपेला मला किती दिवस खाजवायला लावत होतं, आठवतं ना? ‘मागे अजून दोघं’ असं कित्येक जण जाताना सांगतात. कान बंद असले की तेही गेलं.

मी तुझ्या वयाचा असताना नाना मला वेताळ टेकडीवर न्यायचे. मी कायम पुढे. ते मागून हाक मारायचे आणि मी ऐकूच आली नाही असं दाखवायचो. बहुतेक एखादा पक्षी दाखवायचा असेल. विचारायचं राहूनच गेलं.

जाऊ दे. फार बोललो. गाण्यांशिवाय तुला एकटं वाटतं, हे कळतं रे मला. परक्या मुलुखात संध्याकाळ लांबते. मग निदान एक कान मोकळा ठेव. दुसऱ्यात काय वाजतंय ते मी विचारणार नाही.

कोपर नीट धुतोस ना? पू झाला तर डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नकोस. ताईला आजच फोन कर, आणि तूच सगळं सांग. दिवाळीत आलास की टेकडीवर जाऊ. मला आता चढावर थांबत थांबत यावं लागतं, तेवढं सांभाळून घे.

तुझा,
मामा