दीर्घकालीन खोकला आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन : निर्णयापूर्वी समजून घ्या

खोकला हा स्वतः रोग नव्हे. श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची ती शरीराची क्रिया आहे. मात्र प्रौढ व्यक्तीचा खोकला ८ आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास त्यास दीर्घकालीन खोकला म्हणतात. त्याने झोप मोडते, बरगड्या दुखतात, खोकताना लघवीवर ताबा राहत नाही आणि चारचौघांत बसणे अवघड होते. अशा वेळी ‘एका इंजेक्शनात खोकला थांबेल’ असे कोणी सांगितले, तर मन तयार होणे स्वाभाविक आहे. परंतु होकार देण्यापूर्वी पुढील बाबी जाणून घ्याव्यात.

१. दोन इंजेक्शने, दोन वेगळ्या गोष्टी

पहिले इंजेक्शन दंडात किंवा कमरेत दिले जाते. त्यातील स्टेरॉइड संपूर्ण शरीरात पसरते. ताप व सूज काही दिवस उतरते आणि बरे वाटू लागते. मात्र खोकला क्षयरोगाचा असल्यास लक्षणे झाकली जातात, जंतूंशी लढण्याची शक्ती घटते, निदान लांबते आणि तोपर्यंत घरातील इतरांनाही संसर्ग होऊ शकतो. मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा वाढते.

दुसरे इंजेक्शन मानेच्या बाजूस, स्वरयंत्राला संवेदना पुरविणाऱ्या मज्जातंतूजवळ दिले जाते. त्यात बधिर करणारे औषध व स्टेरॉइड असते. काही रुग्णांत हा मज्जातंतू अतिसंवेदनशील झाल्याने बोलणे, हसणे, थंड हवा वा उग्र वास एवढ्यानेही खोकल्याची उबळ येते. सर्व तपासण्या होऊन अन्य कारण न सापडलेल्या अशा रुग्णांसाठीच हा उपचार अभ्यासला जात आहे. तो कान-नाक-घसा तज्ज्ञानेच करावयाचा असतो.

२. चाचणीची आवश्यकता का?

रुग्णांच्या लहान गटांत या उपचाराने खोकला कमी झाल्याचे आढळले आहे. तथापि, खोकला आपोआपही कमी-अधिक होतो आणि उपचार मिळाल्याच्या भावनेनेही उतरतो. गेफापिक्सांट या खोकल्यावरील गोळीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा खोकलाही सुमारे निम्म्यावर आला होता. म्हणून एका गटास खरे व दुसऱ्यास औषधविरहित इंजेक्शन देऊन, कोणास काय मिळाले हे न सांगता तुलना करावी लागते. ‘शेजाऱ्यास गुण आला’ हा पुरावा पुरेसा नाही.

३. आधी कारण शोधावे

• खोकला २ आठवडे टिकला की ८ आठवड्यांची वाट न पाहता क्षयरोगासाठी थुंकीची (बेडक्याची) तपासणी करावी. ही तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत होते. माहितीसाठी निक्षय मदत क्रमांक : १८००-११-६६६६.
• छातीचा एक्स-रे व आवश्यकतेनुसार श्वसनक्षमता तपासणी करावी.
• दमा, नाकातील स्राव घशात उतरणे व जठरातील आम्ल वर येणे ही नेहमीची कारणे तपासून घ्यावीत.
• रक्तदाबासाठी घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला होऊ शकतो. गोळी परस्पर बंद करू नये.
• विडी-सिगारेट सोडावी व चुलीच्या धुरापासून दूर राहावे.

दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा इनहेलर हा वेगळा, सिद्ध उपचार आहे. या पत्रकामुळे तो थांबवू नये.

४. चाचणीत सहभागी होताना

भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया येथे केली जाते. आपण पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

• या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? नैतिकता समितीची मान्यता आहे काय?
• मला औषधविरहित इंजेक्शन मिळण्याची शक्यता किती?
• इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देईल?

संमतीपत्र आपणास समजणाऱ्या भाषेत असावे. ते घरी नेऊन कुटुंबीयांशी चर्चा करावी. सहभाग ऐच्छिक असतो. मध्येच माघार घेतली तरी नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. मधुमेह, गर्भारपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा औषधांची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे.

५. मानेतील इंजेक्शननंतर

काही काळ घसा बधिर राहतो. या अवस्थेत अन्न वा पाणी श्वासमार्गात जाऊ शकते. म्हणून संवेदना परत येईपर्यंत काहीही खाऊ-पिऊ नये. आवाज तात्पुरता बसू शकतो. श्वास अडकल्यासारखे वाटल्यास किंवा मानेवर सूज वाढल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

विलंब करू नये

खोकल्यातून रक्त पडणे, धाप लागणे, वजन घटणे, सायंकाळचा ताप किंवा रात्री घाम येणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उजळणी

खोकल्यासाठी कोणीही इंजेक्शन देऊ केल्यास तीन प्रश्न विचारावेत : त्यात कोणते औषध आहे? माझ्या खोकल्याचे कारण काय ठरले? माझी थुंकी तपासली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. तो आपला अधिकार आहे.