एकटेपणा आणि बियाण्याचा हिशेब



मागच्या महिन्यात वसतिगृहातली बारावीची एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मला नर्सिंगला जायचंय. पण इथं मन लागत नाही आणि सुटीत घरी गेले तर तिथंही कुणाशी काय बोलावं सुचत नाही. माझी वाट चुकली का?"

मला माझेच दिवस आठवले. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून मी शिकायला नगरला गेले. घरापासून शंभराहून अधिक किलोमीटर. माझ्या बोलीला मुली हसल्या, म्हणून मी बोलणंच टाकलं. आई रविवारी गावातल्या दुकानातून फोन करायची. मी "बरं आहे" एवढंच म्हणायचे. पहिल्या परीक्षेत माझे दोन विषय राहिले. अभ्यास मी खूप केला होता, पण अडलेलं विचारायला कुणी जोडलंच नव्हतं.

आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक आहेत. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान बियाणं जपायला त्यांनी सुरुवात केली, तेव्हा लोक त्यांना हसले. तरी त्या थांबल्या नाहीत. जमवलेलं बियाणं त्यांनी मडक्यातच कोंडून ठेवलं नाही. शेतकऱ्यांना पेरायला दिलं आणि पीक आल्यावर दुप्पट परत घेतलं. बचत गटातल्या बाया जोडल्या गेल्या, बायफ संस्थेची साथ मिळाली. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यातून मी एक धडा घेते. ध्येय मोठं असलं की काही काळ एकटं चालावं लागतं. म्हणून वाट चुकली असं होत नाही. पण आपल्याजवळचं कुणाला दिलंच नाही, तर एकटेपणा वाढत जातो.

मग काय करायचं?

१. फोनवर खरं सांगा. आईला शरीरशास्त्र कळणार नाही, पण "आज हाडांची नावं पाठ केली, दोन विसरले" हे नक्की कळेल. तिच्या भातलावणीचंही विचारा.

२. रोज अर्धा तास धाकट्या मुलांना शिकवा. शिकवताना आपलं पक्कं होतं आणि कुणीतरी आपली वाट पाहू लागतं.

३. अडलेलं त्याच दिवशी विचारा. हसणारे चार असतात, सांगणारा एक तरी सापडतो. मला सापडली ती शेजारच्या खाटेवरची मुलगी. तिलाही घरची आठवण येत होती.

४. दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती साधी उदासी समजू नका. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. लगेच अधीक्षकांना सांगा किंवा टेलीमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "वाट बरोबर आहे. आज संध्याकाळी आठवीच्या मुलींना विज्ञान शिकवायला बस." ती बसली. आता तिला उशीर झाला की मुलीच तिला बोलवायला येतात.

विचार करा: या आठवड्यात मी कुणाला "बरं आहे" म्हणून टाळलं? माझ्याजवळचं कोणतं बियाणं मी कुणाला देऊ शकेन?