चिमणीचे नाव

मैंदर्गीची मुले अक्कलकोटला गेली आणि तेथील राजवाड्याचे शस्त्रागार पाहण्याचा योग आला, की तलवारी आणि भाले पाहून झाल्यावर त्यांचे पाय रेंगाळतात ते बंदुकांपाशी. या बंदुकीने कोणी वाघ मारला असेल काय, तो शिकारी दिसावयास कसा असेल, असे प्रश्न मग परतीच्या वाटेवर सुरू होतात. नामांकित शिकाऱ्याला एकदा तरी जवळून पाहावे, त्याच्याशी दोन शब्द बोलावे, ही ओढ तुमच्या वयाला साजेशीच आहे. मुंबईतील खेतवाडीच्या एका मुलालाही ती होती.

त्याचे नाव सालिम अली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी त्याचा जन्म झाला. तो वर्षाचा असताना वडील वारले आणि तीन वर्षांचा असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाच्याचा सांभाळ केला. मामा हौशी शिकारी होते. त्यांच्या सहवासात वाढलेल्या सालिमला शिकारीच्या पुस्तकांचे वेड लागले आणि आपणही मोठे शिकारी व्हावे, असे त्याला वाटू लागले. त्याच्याजवळ छर्ऱ्याची एक लहानशी बंदूक होती. वाघ नव्हते, तेव्हा चिमण्यांवरच नेम धरणे चाले.

परंतु हा मुलगा नुसता नेम धरीत नसे, जे पाहिले ते टिपूनही ठेवीत असे. घराच्या तबेल्यात एका चिमणीचे घरटे होते. बाहेर पहारा करणाऱ्या नराला त्याने गाडीच्या आडून टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही पडला. सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले, आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला! ही गोष्ट वाचून तुम्हांला त्या चिमण्यांची कीव येईल, आणि ती यावीही. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाची ही नोंद पुढे साठ वर्षांनी जशीच्या तशी छापण्याच्या योग्यतेची ठरली.

१९०८ च्या सुमारास त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही खाण्यास चालेल की वर्ज्य, अशी शंका मनात येऊन तो ती घेऊन मामांकडे गेला. मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. परंतु ओळख पटेना. काही तरी नाव ठोकून देणे त्यांना अवघड नव्हते, आणि भाच्याने त्यावर निमूटपणे विश्वासही ठेवला असता. त्यांनी तसे केले नाही. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे ते सभासद होते. संस्थेचे मानद चिटणीस वॉल्टर मिलर्ड यांच्या नावे त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि मुलाला तिकडे पाठविले. माझ्या मते या कथेतील अर्धे श्रेय या चिठ्ठीला द्यावयास हवे.

त्या काळी गोऱ्या साहेबासमोर उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. कागदात गुंडाळलेली चिमणी हातात घेऊन, धडधडत्या छातीने सालिम संस्थेच्या दालनात शिरला. मिलर्डसाहेबांनी ना त्याला हुसकले, ना त्याची थट्टा केली. पाहताच त्यांनी चिमणी ओळखली: ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी संग्रहातील कपाटे उघडून, पेंढा भरून जतन केलेले कितीतरी पक्षी त्याला दाखविले. मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक वाचावयास दिले. पक्ष्याचे कातडे कसे सोडवावे, कसे टिकवावे आणि त्यासोबत स्थळकाळाची टिपणे कशी लिहावी, हे शिकविण्याची तयारीही दर्शविली. एका चिमणीचे नाव विचारावयास आलेल्या मुलापुढे पक्ष्यांचे सारे जगच उघडले गेले.

बंदूक त्याच्या हातून लगेच सुटली असे मात्र नाही. संग्रहालयांसाठी नमुने गोळा करावयाचे, तर पक्षी मारणे त्या काळच्या अभ्यासकांना भाग पडे, आणि सालिम अलींनीही ते केले. फरक पडला तो पाहण्यात. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे ते सुगरणीच्या घरट्यांपुढे तासन्‌तास बसून राहिले. नर आधी घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हा उलगडा त्या बैठकीतून झाला. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला, १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९८५ च्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी पुन्हा चिमणीच आणली.

आपल्या सोलापूर जिल्ह्याशीही त्यांचा एक धागा जुळतो. राष्ट्रीय पक्षी निवडण्याची चर्चा चालू असता त्यांनी माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोक हा उघड्या माळावर राहणारा, पुरुषभर नसला तरी मीटरभर उंचीचा, वजनदार पक्षी. लपावयास झाड नाही, अंडे घालावयाचे ते एकच, आणि तेही उघड्या जमिनीवर. शिकाऱ्यांनी त्याला टिपले. पुढे माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या. त्याच्या रक्षणासाठी १९७९ साली नान्नजच्या परिसरात अभयारण्य झाले. तेथील गवतात आज काळवीटांचे कळप चरताना दिसतात. माळढोक मात्र फार क्वचित दिसतो.